थैलीत न टाकलेली चिठ्ठी

"देवाची इच्छा" असं कुणी सहज म्हणून गेलं, की माझं डोकं फिरतं. त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटतं. कारण ते शब्द मीही वापरलेत, आणि कशासाठी वापरले ते मला माहीत आहे.

अंबरनाथच्या आमच्या मराठी चर्चमध्ये नाताळाच्या आठवड्यात एका दुपारी टॅलेंट शो असतो. कोण आधी, कोण नंतर यावरून पूर्वी भांडणं व्हायची. म्हणून पद्धत पडली: प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी अर्पणाच्या थैलीत टाकायची, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून एकेक काढायची, जेवणाची वेळ झाली की थांबायचं. राहिला तो राहिला. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. मी कमी बोलतो, म्हणून माझ्यावर सगळ्यांचा भरवसा.

उल्हासनगर कॅम्प चारमधून एक मावशी यायच्या. जीन्सच्या पँटींचे धागे कापून कापून त्यांची बोटं निळी पडलेली. आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. मरिया बेथलेहेमला निघालीय, टाचांना भेगा पडल्यात, आणि योसेफ आपला पुढे चाललाय, मागे बघतही नाही. ओव्या लांबायच्या, हे खरं.

"यंदा मावशीला माईक दिला ना, तर आपण सगळे गुड फ्रायडेपर्यंत इथंच," चार वर्षांपूर्वी शोच्या तयारीला बसलो असताना चर्चचे सेक्रेटरी म्हणाले. मीटिंग हसली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बघा काय ते. शांतपणे."

मीही हसलो होतो.

मावशींना तोंडावर नाही म्हणायची माझ्यात धमक नव्हती. त्यांची चिठ्ठी मी व्यवस्थित लिहिली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या दिवशी त्यांची मुलगी बदलापूरहून मुद्दाम आली होती. "घरी म्हण म्हटलं की लाजते. आज सगळ्या रेकॉर्ड करून घेते," असं शेजारणीला सांगत होती. थैलीत हात गेला की ती मोबाइल वर धरायची, दुसरंच नाव निघालं की खाली घ्यायची. मावशींचे ओठ आतल्या आत हलत होते. आणि मी कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. कसला माणूस!

जेवणाच्या रांगेत त्यांनी मला गाठलं. "माझी नाही निघाली का हो, भाऊ?"

"नाही ना मावशी. देवाची इच्छा."

"मग त्यालाच नको असंल," म्हणाल्या आणि ताट घ्यायला वळल्या.

त्यानंतर त्या गायल्याच नाहीत. उपासनेतसुद्धा गीतांचं पुस्तक उघडं, तोंड बंद. चार वर्षं दर रविवारी मी ते बंद तोंड बघितलं आणि घरी येऊन मटण खाल्लं.

यंदा नोव्हेंबरात मी कॅम्प चारला त्यांच्या घरी गेलो. पँटींच्या ढिगाशेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांची कात्री थांबली. आजवर मला अहोजाहो करणारी बाई एकदम अरेतुरेवर आली.

"तू नाही म्हणाला असतास, तर तुझ्याशी भांडले असते. चार शिव्या घातल्या असत्या. देवाशी कशी भांडू रे? माझं काय चुकलं, तेच शोधत बसले इतकी वर्षं!"

"यंदा तुमची चिठ्ठी पहिली..."

"अर्ध्या ओव्या इसरले मी. आता कुणाला इचारू? आई हाय का?" त्यांनी कात्री आपटली. "तुझी टाक चिठ्ठी. आन् हे माईकवर सांग."

टाकली. "तुमचा काय आयटम?" सेक्रेटरींनी हसत विचारलं. "थोडं सांगायचंय," म्हटलं.

माझी चिठ्ठी दहावी निघाली. मावशी पुढच्याच बाकावर होत्या. खिशातल्या चिठ्ठीपर्यंत आलो, तेव्हा पाळकसाहेबांनी मान खाली घातली. सेक्रेटरींच्या हसण्यापर्यंत आलो, तेव्हा त्यांनी साउंडवाल्याला खूण केली. माईक बंद.

बाकांवर कुजबुज सुरू झाली. खाली उतरावं, झालं एवढं पुरे, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

"ऐकू येत नाही!" पुढच्या बाकावरून आवाज आला. मावशी उभ्या राहिल्या होत्या. "मोठ्यानं सांग. पयल्यापासून."