कानसेन म्हणाले, इंजिन ठीक आहे

आमच्या ह्यांना कुणी एका जागी बसवून दाखवावं, मी हरले म्हणेन. जेवायला बसले तरी एक पाय दाराकडे. गॅरेजात तर विचारूच नका. एका गाडीचा नट अर्धा आवळायचा, दुसरीचं बॉनेट उघडायचं, तिथून गेटपर्यंत जायचं, रस्त्यावर काय चाललंय ते बघायचं आणि पाना कुठे ठेवला म्हणून माझ्यावर ओरडत परत यायचं. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. हा माणूस थांबतो फक्त इंजिन ऐकताना. चालू इंजिनावर लोखंडी सळईचं एक टोक टेकवतात, दुसरं कानाशी धरतात आणि श्वास घेतात की नाही असं वाटावं इतके स्तब्ध उभे राहतात. त्या वेळी गॅरेजात कुणी बोलायचं नाही.

वडील अचानक गेले तेव्हा ह्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. शाळा सुटली, गॅरेज गळ्यात पडलं आणि धाकट्या भावाला वाढवायचं काम त्याहून आधी. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. ऐकत ऐकत शिकले. एका जुन्या गिऱ्हाइकाने नाव ठेवलं, 'कानसेन'. म्हणाला, "मिस्त्री, गाणारे तानसेन गल्लोगल्ली आहेत, ऐकणारा तूच एक." तेव्हापासून कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आधी ती ह्यांना ऐकवायला आणायची. हे सांगणार, घे, नाहीतर जाऊ दे. एकदा बोलले की बोलले, शब्द मागे घेतलेला मी पाहिला नाही. त्या शब्दावर आमची चूल पेटते.

दोनेक वर्षांपूर्वी ह्यांनी नवीन खूळ काढलं. इंजिन ऐकताना मी समोर उभी पाहिजे, हातात बॅटरी धरून. भर दुपारी! मी म्हटलं, "अहो, वर सूर्य आहे, त्याचा उजेड पुरत नाही का?" तर म्हणे, "तू धर गं." आणि सळई कानाला लावून बघायचे कुठे? माझ्याकडे. टक लावून.

आता खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं आपापल्या घरी गेली आणि ह्या माणसाला आता सुचलं होय! मी वरून चिडचिड करायचे, पण सकाळी केस नीट बांधून, धडके कपडे घालून गॅरेजात जायला लागले. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली. "ताई, म्हातारपणी पालवी फुटली का गं भावजींना?" मी म्हटलं, फुटली तर फुटली, तुझ्या का पोटात दुखतंय?

तसं घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. पण बायकोचं बोलणं कुठल्या नवऱ्याला एका हाकेत ऐकू आलंय? मी काही मनावर घेतलं नाही. गाड्यांचे निकाल तर बिनचूक लागत होते.

आणि मग ती पिवळी गाडी आली.

त्या सकाळी ह्यांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, त्यांची शाळेची व्हॅन घेऊन गेटात शिरले आणि मागोमाग ती. अशी बुटकी, की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. दोनच सीट. चालवणारा तिचा मालक, काळा चष्मा, बोलणं गुळगुळीत. भाऊजींचा चेहरा तर फुलून आलेला. म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर मागे पोरं किंचाळतायत. एक ओकतंय, एक दुसऱ्याला चावतंय. आता अशी गाडी घेणार, जिला मागची सीटच नाही!"

मला हसू आलं, पण पुढचं ऐकून ते जागच्या जागी विरलं. भाऊजी त्या गाडीच्या बदल्यात व्हॅन देणार होते. रोजची भाकरी देणारी व्हॅन. पिवळी गाडी फोटोवाल्यांना, जाहिरातवाल्यांना भाड्याने द्यायची आणि त्यावर घर चालवायचं, असा बेत. दुपारी कागदावर सह्या. सगळं ठरलेलं, फक्त दादाने एकदा 'घे' म्हणायचं बाकी होतं.

ह्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम करून आणलीत."

"लांबून चालवत आणली हो मिस्त्री," मालक म्हणाला.

"काय?"

"लांबून! चालवत!" मालक ओरडला आणि भाऊजींकडे बघून हसला. माझं डोकं तिथेच फिरलं. ह्यांनी ऑइलचं झाकण उघडून वास घेतला, धूर बघितला, एकेका सिलिंडरला मीटर लावून दाब मोजला. दाब उत्तम. मग सळई घेतली आणि मान हलवून मला खूण केली. मी बॅटरी घेऊन समोर.

भाऊजी आत बसून रेस देत होते. इंजिनाचा आवाज चढला, गॅरेजचे पत्रे थरथरले. रेस सोडली, आवाज उतरायला लागला आणि खालून आलं. टक-टक-टक-टक. जड, पोटातून आल्यासारखं. ह्या आवाजात मी संसार केलाय, मला कुणी शिकवायला नको. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो तिथलं बेअरिंग झिजलेलं. अशी गाडी आज पळते, उद्या पळते आणि परवा भर रस्त्यात दांडा इंजिन फोडून बाहेर येतो.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, मालक गाडीकडे बघतच नव्हता. तो माझं तोंड बघत होता. चोराच्या मनात चांदणं! मी मनात म्हटलं, थांब मेल्या, तुला काही कळूच देत नाही. ह्यांना बोलू दे, मग बघते तुझ्याकडे. आणि मी चेहरा असा कोरा केला की पापणीसुद्धा लवू दिली नाही. भाऊजींनी पुन्हा रेस दिली, पुन्हा सोडली, पुन्हा टकटक. मी ढिम्म.

ह्यांनी सळई खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "इंजिन ठीक आहे. घे."

भाऊजींनी उडी मारून दादाला मिठी मारली. "कागद घेऊनच येतो," म्हणून मालक भाऊजींसोबत व्हॅनमधून गेलासुद्धा. पिवळी गाडी तिथेच, आणि मी हातात पेटती बॅटरी घेऊन उभी.

दुपारपर्यंत मला एक काम धड सुचलं नाही. एकच डबा तीनदा आवरला. गेटपर्यंत गेले, परत आले. पायाला भिंगरी त्या दिवशी मला लागली होती. मला कळून चुकलं होतं की ह्यांना तो आवाज आलाच नाही. पण सांगू कसं? कानसेनाला जाऊन म्हणायचं का, की तुमचे कान गेले? आणि नाही सांगितलं तर भाऊजी पोराबाळांसकट रस्त्यावर. शेवटी म्हटलं, "अहो, पुन्हा एकदा ऐकता का ती?"

"एकदा बोललो ना!" हे खेकसले.

हे मागच्या खोलीत जेवायला गेले तशी मी चटई टाकून पिवळीच्या खाली शिरले. ऑइल फिल्टर काढायला हात कोपरापर्यंत आत गेला, मनगट खरचटलं. डब्याचं झाकण कापायच्या कटरने फिल्टर कापला. करवत लावायची नाही, नाहीतर तिचाच भुगा आत पडतो आणि खरंखोटं कळत नाही. आतला कागद पिळून उन्हात उलगडला. घडीघडीत चकाकी. बेअरिंगचा कीस. ऑइलही मधासारखं जाड, आवाज दाबायला भरलेलं. तरी टकटक दबली नव्हती, म्हणजे झीज किती असेल बघा.

गाडीला दुसरा फिल्टर बसवला आणि तो कागद नेऊन ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

ह्यांनी चिमटीत घेऊन चोळला. घास तसाच राहिला. "पिवळीचा?"

"हो."

"वाजत होतं?"

"ठणाणा वाजत होतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग चक्क चिडून म्हणाले, "मग तुझी भुवई का नाही उडाली?"

"माझी काय?"

"भुवई! बेअरिंग वाजलं की तुझी डावी भुवई उडते. पट्टा किंचाळला की तू दात दाबतेस. वरचं टॅपेट खडखडलं की नुसतं नाक मुरडतेस. आज काहीच केलं नाहीस. मला वाटलं, इंजिन साफ आहे."

मला आधी समजेचना. आणि समजलं तेव्हा राग आला की रडू, ते देव जाणे. दोन वर्षं हा माणूस सळई नुसती कानाला लावत होता आणि इंजिन माझ्या तोंडावर वाचत होता! मी तोंड उघडणार, तोच गेटात व्हॅनचा हॉर्न वाजला. हॉर्न मलाच ऐकू आला. मी खूण केली तेव्हा हे उठले.

भाऊजींच्या हातात किल्ल्या होत्या, मालकाच्या हातात कागद. हे सरळ जाऊन मध्ये उभे राहिले. एरवी गावभर फिरणारे पाय जमिनीला चिकटलेले. "ही घ्यायची नाही. खालचं बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवायचं, क्रँक घासायचा, बेअरिंगं बाहेरून मागवायची. गाडीच्या किमतीइतकं काम आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"सकाळी तर ठीक म्हणालात," मालक म्हणाला.

"सकाळी मला ऐकू आलं नाही. आता मला इंजिन ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

असं, सगळ्यांसमोर. गेटाबाहेर पंक्चरवाला उभा होता, त्यानेही ऐकलं. मालक चष्मा पुसत म्हणाला, "वा! बहिऱ्याकडे गाडी तपासायला आणली म्हणायची. लोकांना कळायला हवं हे." ह्यांनी फिल्टरचा कागद त्याच्यापुढे धरला. तो बघायलाही थांबला नाही. पिवळी गाडी टकटकत गेटाबाहेर गेली.

भाऊजी टायरच्या ढिगावर बसले. "दादा, मी व्हॅन देऊन टाकली असती रे! सह्याच करायच्या होत्या! मला तरी सांगायचंस."

हे पाठमोरे उभे राहून हत्यारं एका रांगेत लावायला लागले. ह्यांनी हत्यारं रांगेत लावलेली मी जन्मात पाहिली नव्हती. खांदे उतरले होते. मला दिसत होतं की ह्या क्षणी ह्या माणसाला धीर द्यायला हवा, म्हणायला हवं की जाऊ दे हो, माझे कान आहेत ना, आपण मिळून ऐकू, गिऱ्हाइकं यायची ती येतील. मी ते पुढे म्हटलंही. पण त्या वेळी माझ्या मनात दुसरंच उसळत होतं आणि मी काही संतबाई नाही.

"म्हणजे तुम्ही मला बघत नव्हतात?" मी म्हटलं.

पाठ तशीच. पाने रांगेत लागत होते.

मग मी फिरून पुढ्यात गेले, अगदी नाकासमोर, आणि ओरडले, "दोन वर्षं मी केस बांधून येतेय इथे! मला वाटलं, तुम्ही मला बघताय! माझ्याकडे बघत होतात की इंजिनाकडे, ते सांगा आधी!"

भाऊजींनी टायरवरून मान वर केली. पंक्चरवाला आत डोकावला. ह्यांचे कान लाल झाले, निदान तेवढ्या कामाला ते अजून आले. "अगं, भावासमोर काय हे," पुटपुटले आणि पाना ठेवून गेटाकडे निघाले, नेहमीसारखे. दोन पावलं गेले असतील. मग थांबले, मागे वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. केसांकडे, खरचटलेल्या मनगटाकडे, पुन्हा तोंडाकडे. किती तरी वेळ.

आणि तेव्हा अख्ख्या गॅरेजात एकही इंजिन चालू नव्हतं.