नुसत्या रेघाच हायत की

सेलूच्या एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी माझ्याकडून चार सागवानी फळ्या रंगवून घेतल्या. त्रिकोण-षटकोनांची एकच नक्षी चारही फळ्यांतून सलग जाणारी. पहिलीच्या कडेला अर्धा राहिलेला षटकोन दुसरीवर पुरा व्हायचा. वालूरला घरच्या ओसरीत मी अडीच महिने राबले. आधी लाकडाच्या फटी-भोकांत लांबी भरायची, मग पॉलिश पेपर घासायचा, मग रेघा. एक रेघ केसभर सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात, त्यामुळे काही दिवस चार रेघांवरच उरकायचे. फळ्यांच्या मागे एक ते चार आकडे घालून त्या टेम्पोने पाठवल्या. अंगात ताप होता, लावताना मी गेले नाही. तिथेच चुकलं.

आठवड्याने गेले. पहिली फळी तिसऱ्या जागी, चौथी उलटी, आणि दुसरीचे वरचे दोन इंच गायबच. अर्धे षटकोन कशालाच न जुळता भिंतीवर लटकलेले.

"एसीला आडवं यायलं व्हतं," फळ्या लावणारे सुतार म्हणाले. वडिलांच्या वयाचे, त्यामुळे ओरडताही येईना.

"मामा, मागं आकडे होते ना!"

"लाकडाचं माप असंल वाटलं. अन् नुसत्या रेघाच हायत की ताई. देव असता तर कापला असता का मी?"

काढून परत लावा म्हटलं, तर भिंतीला पक्क्या चिकटवलेल्या. डॉक्टर मात्र खूश. "पेशंट तासभर बघत बसतात हो. माझ्या मेव्हण्याला जिंतूरला असंच पाहिजे. अगदी असंच."

तणतणतच मी हो म्हणाले. घरी येऊन नव्या चार फळ्यांवर नक्षी मुद्दाम मोडायला बसले. पट्टी ठेवली की हात आपोआप पुढची रेघ जुळवायचा. खोडून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. शेवटी चिडून सगळं सरळ, सलग रंगवलं आणि धाडून दिलं.

चौथ्या दिवशी फळ्या परत आल्या. मेव्हण्यांचा फोन आला, "छान हाय, पण दाजींकडं हाय तशी मजा न्हाई यात."

आता त्या आमच्या धान्याच्या खोलीत क्रमाने उभ्या आहेत. ज्वारीच्या पोत्यांना जागा उरत नाही म्हणून सासूबाई रोज कुरकुरतात, आणि मी रोज त्यांच्याशी भांडते.