हजेरी आणि शेवटचं बाक

रविवारी उपासना सुटली की आमच्या चर्चच्या पायरीवर चपलांचा ढीग असतो. जो तो आपली शोधतो, एखादा दुसऱ्याची घालून जातो, आणि शेवटी दोन-तीन अशा उरतात की त्यांना धनीच नसतो. किश्श्यांचंही तसंच आहे. ज्यांचे होते ते विसरून गेले, उरलेले माझ्याकडे साचले. घंटा वाजवायचं काम माझं. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. गोळा करायला वेळ भरपूर.

शाळा मी सातवीत सोडली. खरं म्हणजे सातवीनंच मला सोडलं. मग तीस वर्षं टेम्पो चालवला, कांदा वाहिला, आता दोरी ओढतो. गाव पुणतांब्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला. उपासनेनंतर आम्ही चार-पाच म्हातारे आवारातल्या लिंबाखाली बसतो. मार्थाकाकी घरून चहाची किटली आणते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण सगळं गाव काकी म्हणतं म्हणून मीही म्हणतो. चहा ओतला की वाद सुरू. वाद वर्षानुवर्षं एकच: देवाच्या राज्यात कुणाला काय मिळणार, आणि त्याला लायक कोण?

अजून एकालाही काही मिळालेलं नाही, पण वाटणीवरून भांडण दर रविवारी!

* * *

आमचे शांतवन मास्तर म्हणजे पेन्शनीत निघालेले शिक्षक. शाळा सुटली पण हजेरी सुटली नाही. चर्चमध्येही ते रजिस्टर ठेवायचे. आला त्याच्यापुढं निळी खूण, उशिरा आला त्याला लाल पेनानं ‘उशिरा’. त्यांचं म्हणणं, स्वर्गात सगळ्यांना सारखं नाही. केलेल्या कामाप्रमाणं मुगुट. कुणाला मोठा, कुणाला लहान.

मार्थाकाकीनं विचारलं, “मास्तर, मुगुट डोक्यावर असल्यावर पदर कुठं घ्यायचा?”

मास्तर तडक घरी गेले. पुढच्या रविवारी पुस्तकं धुंडाळून आले. पदराचा उल्लेख कुठंच सापडला नाही म्हणाले.

काकीचं स्वतःचं मागणं साधं होतं. ती मोठ्यांदा प्रार्थना करायची, की देवबापा, माझ्या सासूबाईंना माझ्यापरीस मोठं बक्षीस दे, पन लांबच्या गल्लीत दे.

* * *

मास्तर स्वतः कधी उशिरा यायचे नाहीत. त्यांच्या नावापुढं सगळ्या खुणा निळ्या. मला ते बघवेना. एका रविवारी मी घंटा पंधरा मिनिटं आधीच बडवली.

मास्तर धापा टाकत आले. सदऱ्याची बटणं एकाआड एक लागलेली. आल्या आल्या रजिस्टर उघडलं, लाल पेन काढला आणि स्वतःच्या नावापुढं लिहिलं, ‘उशिरा’.

दुपारी मलाच राहवेना. जाऊन कबूल केलं, की मास्तर, घंटा चुकली नव्हती, मी चुकवली होती. खोडून टाका. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“घंटा झाली तेव्हा मी घरी होतो ना?”

“होता.”

“मग झालं तर.”

ते ‘उशिरा’ अजून त्या पानावर आहे. मी माणसांच्या खूप खोड्या काढल्या, पण खोडी काढून मलाच मान खाली घालावी लागली, असं थोड्याच वेळा.

* * *

पोस्टातून निवृत्त झालेले नाना चहाच्या वासानं आमच्यात येऊन बसतात. ते आमच्यातले नाहीत, देवळाकडच्या आळीतले. पण वाद म्हटलं की त्यांना धर्म आठवत नाही. एकदा म्हणाले, “आमच्यात पुण्य संपलं की परत खाली पाठवतात. तुमच्यात काय पद्धत?”

मास्तर म्हणाले, “आमच्यात एकदा गेला की कायम.”

“बदलीसुद्धा नाही?”

“नाही.”

नानांनी थोडा विचार केला. “मग मास्तर, शेजारी कोण येतंय ते आधी बघून घ्या.”

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं.

* * *

आता दगडू. त्याच्याशिवाय यातलं काहीच पुरं होत नाही.

दगडू बसतो शेवटच्या बाकावर, दाराला लागून. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा त्या रविवारी, ताटं घासून आणतो तो. कोकम सरबताला देतात त्याहून लहान अशा काचेच्या पेल्या, चाळीसच्या चाळीस, राखेनं घासून, फडक्यानं पुसून, उन्हात धरून बघतो. काळे मनुके उकळून रस करतो तो. वेदीपर्यंत ताट नेऊन ठेवतो तोच. आणि मग मागं जाऊन बसतो. तीस वर्षांत भाकरीचा एक तुकडा त्यानं तोंडात घातला नव्हता.

आमच्याकडं रीत अशी, की प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा होते. ज्याला भोजन घ्यायचं त्यानं तिथं नाव द्यायचं. मास्तर तीन प्रश्न विचारायचे: विश्वास आहे का, पश्चात्ताप केला का, आणि कुणाशी वैर आहे का? वैर असलं तर आधी मिटवून यायचं, मग नाव.

तीस वर्षांपूर्वी दगडूनं तिसऱ्या प्रश्नाला सांगितलं, “हाय. भावाशी.” विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेलं. दगडूनं भावाची पाळी तोडली, भावाचं उभं पीक गेलं, भाऊ बायकोपोरं घेऊन भिवंडीला निघून गेला.

मास्तर म्हणाले, मग मिटवून ये.

दगडू म्हणाला, “तो मागल्या महिन्यात गेला, मास्तर. निरोपच आला.”

मास्तरांनी पेन हातात धरला, बराच वेळ धरला, आणि खाली ठेवला. मेलेल्याशी समेट कसा करायचा हे त्यांच्या पुस्तकांत नव्हतं. नाव लिहिलं नाही. नंतर चर्चला किती पाळकसाहेब आले आणि गेले, प्रत्येकानं दगडूला सांगितलं, की अरे ये, देवानं कधीच माफ केलं. दगडू एकच बोलायचा, “मास्तरांनी विचारलेलं बरोबर हुतं.”

आणि पुढच्या प्रत्येक सभेला पुन्हा हजर. तिसऱ्या प्रश्नापर्यंत बसायचा, मग उठून पेल्या घासायला जायचा.

* * *

मला वाटलं, हे आपण सोडवू. एका शनिवारी मास्तर पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी रजिस्टरात त्यांच्यासारखं अक्षर काढून दगडूचं नाव घुसवलं. सातवीपर्यंत जे शिकलो ते एवढंच, दुसऱ्याचं अक्षर काढणं.

रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली. दगडूचं नाव आलं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. दगडू उठला, पुढं येईल असं वाटलं, तर दाराबाहेर गेला आणि आपल्या सायकलीपाशी मातीत बसून राहिला.

मी गेलो. म्हणालो, दगडू, हसण्यावारी ने.

“तात्या, माजी थट्टा कर. माज्या बापाची कर. त्या ताटाची नको.”

त्यानंतर मी महिनाभर कुणाची खोडी काढली नाही. गावानं विचारलं, तात्या आजारी आहे का?

* * *

नव्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात बायबलातला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला. मळ्याचा धनी सकाळी मजूर नेतो, दुपारी नेतो, अगदी दिवस बुडायच्या आधी तासभर नेतो, आणि सगळ्यांना दिवसाचा रोज सारखाच देतो. साहेब म्हणजे शिकलेला पोरगा, बोलला झकास. पण लिंबाखाली आल्यावर मार्थाकाकीनं धरला. ती कांदालागवडीच्या बायकांची मुकादम होती वीस वर्षं.

“साहेब, ह्या धन्याला दुसऱ्या दिवशी मजूर मिळालं का?”

साहेब म्हणाले, काकी, तो दाखला आहे.

“दाखला असंल. पन पाचला येनाऱ्या बाईला मी पुरा रोज दिला, तर दुसऱ्या दिवशी चारच्या आधी एक बाई फिरकनार न्हाई.”

मास्तर खूश झाले. अगदी बरोबर म्हणाले. काम तसा मोबदला, मुगुटांचंही तेच. साहेब चहाच्या कपात बघत बसले. नाना मिशीत हसत होते. वाद आता मास्तरांनी जिंकलाच होता.

दगडू जरा लांब, मुळीवर बसून पेल्या पुसत होता. वर न बघता म्हणाला, “पाचला जो आला, तो सकाळधरनं नाक्यावरच उभा हुता की.”

काकीनं किटली खाली ठेवली.

“बाकीच्यांना धनी तरी मिळाला. काम करनाऱ्याला दुपारी भाकर खाताना कळतं, आपल्याला घेतलंय. ह्याला दिसभर कुनी घेतलंच न्हाई. उभं ऱ्हायाचं काम लई अवघड असतं, काकी.”

एक पेली उन्हात धरून त्यानं बघितली आणि ताटात ठेवली. मी इतकी वर्षं त्या माणसाशेजारी चहा पितोय, आणि त्या दिवशी मला वाटलं, आपण चपला काढून बसायला हवं होतं.

* * *

गेल्या वर्षी मास्तरांचं डोकं पुसत गेलं. आधी तारखा गेल्या, मग नावं. मुलाला ‘बाई’ म्हणायला लागले. मला तर त्यांनी एकदा डॉक्टर समजून जीभ काढून दाखवली. मीही तपासली. सहा महिने झाले, एकाही माणसाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. चर्चला येणं थांबलं. रजिस्टर माझ्याकडं आलं, बरोबर निळा पेन आणि लाल पेन.

या ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या सणानंतर पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांना घरी प्रभुभोजन देऊ. रविवारी दुपारी निघालो. साहेब, मार्थाकाकी, मी रजिस्टर काखेत मारून, कारण मास्तरांना ते हातात घ्यायला आवडायचं, आणि ताट घेऊन दगडू.

मास्तर खाटेवर बसलेले, सदरा स्वच्छ. साहेबांनी प्रार्थना केली, भाकरी मोडली, तुकडा पुढं केला. मास्तरांनी हात मागं घेतला.

“आधी विचारा,” ते म्हणाले.

साहेबांना कळेना. मला कळलं. मी सांगितलं, तीन प्रश्न विचारा. साहेबांनी विचारले. विश्वास? आहे. पश्चात्ताप? आहे. कुणाशी वैर?

मास्तर भिंतीकडं वळले.

“वैर नाही. पण एक माणूस आहे. मागं बसतो, दाराशी. त्याचं नाव मी लिहिलं नाही.” मग खाटेखाली पाय चाचपायला लागले. “माझ्या चपला कुठायत? मिटवून येतो.”

मुलगा धरायला पुढं झाला, तर त्याला ढकलायला लागले. काकीनं पदर तोंडाला लावला. ताट घेऊन दगडू समोर उभा, मास्तरांपासून दोन हातांवर, आणि मास्तर त्याच्या पायांमध्ये चपला शोधताहेत. त्यांनी त्याला ओळखलंच नव्हतं.

दगडू खाली बसला. ताट जमिनीवर ठेवलं.

“मास्तर, त्यो आलाय हितं.”

“आलाय? कशाला?”

“मिटवायलाच.”

“मग मिटलं का?”

दगडूनं त्यांचे चाचपडणारे पाय हातात धरले. मग म्हणाला, “मिटलं, मास्तर.”

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. पाय वर घेतले, मांडी घातली, आणि पाळकसाहेबांना वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, “मग आधी त्याला द्या. तो कधीचा थांबलाय.”

साहेबांनी तुकडा दगडूपुढं धरला. दगडूनं दोन्ही हातांची ओंजळ केली. राखेनं पांढरे पडलेले हात. तुकडा तोंडात घातला आणि चावेना, नुसता धरून बसला.

मास्तरांनी माझ्याकडं हात केला. मी रजिस्टर दिलं. त्यांनी पान उघडलं, बोट फिरवलं. त्या पानावर ते नाव नव्हतंच.

“दगडू सावळाराम साळवे.”

मास्तरांनी हजेरीची हाक दिली होती. दगडूच्या तोंडात भाकरी होती, बोलता येईना. त्या शहात्तर वर्षांच्या माणसानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

मास्तरांनी निळ्या पेनानं नाव लिहिलं. मग थांबले. माझ्याकडं पाहिलं.

“लाल आहे का?”

लाल पेन माझ्या खिशात होता. मी म्हणालो, “न्हाई, मास्तर. संपला.”