'ऑनर'मधला यू

विंडसरला पोचले तेव्हा कॅनडात मला पहिल्यांदा दिसली ती अमेरिका. स्टेशनवरून काकांची गाडी नदीकाठाने निघाली आणि पाण्यापलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती उभ्या होत्या. कॅनडा वर, अमेरिका खाली, एवढा भूगोल मला येत होता. इथे मात्र अमेरिका उत्तरेला होती.

"इथे सगळं उलटं आहे," काका म्हणाले. "व्याह्यांसकट."

सुधाकरकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी मुंबईहून आले होते त्यांच्या मुलीच्या, नंदिनीच्या लग्नाच्या तयारीला. मार्च संपत आला तरी काका सकाळी दारापुढचं बर्फ 'शोव्हल' करत (फावड्याने उपसत) होते. लग्न मे महिन्यात. नवरा मुलगा अजय साठे, पलीकडच्या डेट्रॉइटचा. दोघांनी एकमेकांना आपणच पसंत केलं होतं, त्यामुळे घरच्यांना भांडायला काही उरलं नव्हतं. ती उणीव लग्नपत्रिकेने भरून काढली.

पत्रिकेत 'उपस्थितीचा मान द्यावा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. त्यातल्या 'ऑनर'मध्ये काकांनी ब्रिटिश पद्धतीने यू घातला. साठ्यांनी प्रुफात तो खोडला. काकांनी पुन्हा घातला. मग साठ्यांचा फोन आला, की चुकीची पत्रिका आम्ही वाटणार नाही, आणि एका अक्षरासाठी एवढा हट्ट धरणाऱ्या घराशी सोयरीक करावी का याचाच विचार करावा लागेल. मानपान म्हणजे साड्या आणि चांदीची भांडी, एवढंच मला माहीत होतं. इथे मानातलंच एक अक्षर मागितलं जात होतं.

काका ज्या विंटर टायरांवर रोज कामावर जात, त्यांच्या स्पेलिंगमधला ब्रिटिश वाय काढून कॅनडाने कधीच अमेरिकन आय घातला होता. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

नंदिनी बेसमेंटमध्ये (तळघरात) कपड्यांच्या घड्या घालत होती. "दे विल कॉल इट ऑफ, ताई," ती म्हणाली. "अजय बोलत नाही, बाबा ऐकत नाहीत. एका यूसाठी माझं लग्न मोडणार." घडी घातलेला टॉवेल तिने उलगडला आणि परत घडी घातली.

काकांनी मला न्यायाधीश नेमलं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं इंग्रजी कागदावर चांगलं आहे. बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. पण वाचायला कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मी बसने लंडनला गेले. हे लंडन ऑन्टॅरिओतलं. तिथे थेम्स नावाची नदीही आहे. मूळ लंडनवरून सगळं उतरवून घेतलेलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या इंग्रजी शब्दकोशांच्या छापील प्रतिकृती होत्या. तिथल्या बाईंनी त्या आणून दिल्या आणि काय शोधतेस विचारलं. लग्नाची पत्रिका, असं सांगितल्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

सगळ्यात जुना कोश सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो बायकांसाठी आणि इतर अजाण माणसांसाठी केला आहे, असं कर्त्याने पहिल्याच पानावर जाहीर केलं होतं. म्हणजे मी योग्य ठिकाणी आले होते. आत फक्त कठीण शब्द, लॅटिन न शिकलेल्यांना अडतील असे. कुत्रा आणि पाव सगळ्यांना येतात, म्हणून ते नाहीत. आणि त्याच पहिल्या पानावर 'शब्द' हाच इंग्रजी शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापला होता. कर्त्याला त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. पुढचे कोशकार आधीच्यांचे शब्द उचलत, शिवाय त्यांना नावं ठेवत. दीडशे वर्षांनी लंडनच्या एका पंडिताचा जाडजूड कोश आला, त्यात यू पक्का झाला. मग अमेरिकेतल्या एका शाळामास्तराने आपल्या कोशातून तो काढून टाकला. दोघांची हद्द विंडसरच्या नदीपाशी आली आणि काकांनी तिच्या बरोबर काठावर घर घेतलं.

डेट्रॉइटला मी बोगद्यातून जाणाऱ्या बसने गेले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कशासाठी चाललीस विचारलं. एका अक्षरासाठी, असं सांगायचं धाडस झालं नाही. नातेवाईक, म्हणाले.

साठेकाकूंनी नाश्त्याच्या सीरियलचा चिवडा पुढे ठेवला. कुरमुरे मिळत नाहीत म्हणून ही युक्ती, आणि चव छान होती. साठेकाका समोर बसले.

"काय गं, काय म्हणतात तुझ्या डिक्शनऱ्या?"

काकांनी मला पढवून पाठवलं होतं, की ब्रिटिश तेच मूळ. मी पाणी प्यायले. मग जे वाचलं ते सांगितलं: मूळ लॅटिन शब्दात यू नव्हता, तो फ्रेंचांकडून आला, आणि इंग्रज कितीतरी वर्षं दोन्ही लिहीत होते.

"म्हणजे तुझ्या काकांचं चुकलं."

"हो. आणि तुमचंही."

काकूंनी तोंडापुढे कप धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. साठेकाका बराच वेळ चिवड्यातले दाणे निवडत राहिले. अखेर म्हणाले, दोन पत्रिका छापू. ज्याची त्याने आपल्या काठाला वाटावी.

दोन्ही घरच्या कर्त्या पुरुषांनी आपापलं प्रूफ स्वतः तपासलं. कोणावर विश्वास नव्हता. पत्रिका छापून आल्या. एकीत यू होता, दुसरीत नव्हता. आणि दोन्हींत नवरीच्या नावात आयच्या जागी ए पडून 'नंदानी' छापलं होतं.

काका म्हणाले, एवढंसं तर आहे, लोक समजून घेतील. साठ्यांनीही फोनवर अगदी तेच सांगितलं. प्रथमच दोघांचं एकमत झालं.

नंदिनी रडली नाही. तिने साठ्यांना फोन लावला आणि मराठीत बोलली, थांबत, शब्द शोधत. लग्नात सासरची माणसं ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात, आणि साठेकाकूंनी तिच्यासाठी 'अनुजा' ठरवलं होतं. "पत्रिका राहू द्या," ती म्हणाली. "पण ताटात माझंच नाव लिहायचं. नाहीतर मी बसणार नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते तिने सांगितलं नाही.

लग्न विंडसरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये झालं. तांदळाचं ताट आलं, अंगठी अजयच्या हातात दिली. साठेकाकू त्याच्या मागे उभ्या होत्या. मी जवळच होते. त्याने पहिलं अक्षर काढलं, ते 'नं' होतं. मग तो अडला आणि त्याने हळूच नंदिनीला विचारलं, "पहिली वेलांटी कुठली?"

"ऱ्हस्व," ती म्हणाली. "दुसरी दीर्घ."

दोन्ही वडील वाकून बघत होते. साठेकाकूंनी ताट हातात घेतलं आणि नाव मोठ्याने वाचून दाखवलं.

निघताना काकांनी मुंबईच्या नातेवाइकांना आठवण म्हणून द्यायला दोन्ही पत्रिकांचा गठ्ठा दिला. विमानात मी ट्रे उघडला आणि पेन काढलं. एकेका पत्रिकेवर नंदिनीच्या नावातला चुकीचा ए खोडून आय केला. यूला हात लावला नाही.