कॅसेटमधली हलगी आणि आमचे आबा

कादंबरीवरून काढलेल्या त्या गाण्यांच्या कॅसेटचं रसग्रहण करायला बोलावणाऱ्यांनी मला आधी एवढं तरी विचारायचं, की बाई, तुम्हाला ती आवडली का? कुणीही विचारलं नाही. मी बारामतीच्या शाळेत मराठी शिकवते, कादंबरीकाराची चुलतबहीण आहे आणि कादंबरी ज्यांच्यावर लिहिलीय त्यांची मुलगीही मीच, म्हणजे बाई कौतुकच करणार, असं धरून चालले आणि निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव छापून मोकळे झाले. पत्रिका हातात पडली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आधी कादंबरीचं सांगते, म्हणजे माझा राग कळेल. आमचं गाव कळस, इंदापूर तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी गावाची हलगी वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, ते काम आमच्या वस्तीच्या गळ्यात पिढ्यान्पिढ्या बांधलेलं होतं. कुणी मेलं, वाजवा. जत्रा आली, वाजवा. बदल्यात भाकरी, तीही वरून टाकलेली. छप्पन्न साली दीक्षा झाली आणि वस्तीनं गावकीची कामं सोडली. मग गावातला एक मोठा माणूस वारला, आबांना बोलावणं आलं, आणि आबा दारात उभे राहून "न्हाय वाजवणार" म्हणाले. गावानं वस्तीशी व्यवहार तोडला. दुकानातून मीठ मिळेना, शेतात काम मिळेना. आबा माळेगावला साखर कारखान्यावर गेले, पोती उचलली, पुढे कायम झाले, त्या पगारावर आम्ही शिकलो. हलगीला त्यांनी परत हात लावला नाही.

कादंबरी एवढीच आहे. शेवटच्या प्रकरणात ती मयत निघते आणि हलगी वाजत नाही. दोन-तीन पानं नुसता धुळीतल्या पायांचा आवाज. चुलतभावाशी माझं जन्माचं भांडण असलं तरी ही पानं त्यानं चांगली लिहिली, हे मी कुठंही सांगेन. बाकी त्यानंही आपल्या पदरचं घातलंच. कादंबरीतला नायक हलगीचा द्वेष करतो आणि भर चौकात ती पेटवून देतो. आमच्या घरी असलं काही झालं नाही. हलगी खुंटीला होती, तिचं कातडं उंदरांनी खाल्लं, आणि लोखंडी कडं उरलं त्यावर आई पाण्याची घागर ठेवायची. पण असू दे, कादंबरी आहे.

आता मला सांगा, हलगी न वाजण्याच्या गोष्टीची कॅसेट काढायची, तर तिची सुरुवात कशानं करावी? हलगीनं! पुण्याच्या एका संगीतकारानं ती कादंबरी वाचली म्हणे. वाचली असेल तर मी माझी पदवी परत करते. पहिल्या गाण्यात अर्धा वेळ नुसती हलगी, मग एक भरदार आवाजाचा गायक हलगीला विनवतोय की वाज, माझ्यासाठी वाज. कव्हरवरच्या चित्रात उघड्या छातीचा, तेल लावलेला पैलवान, डोक्याला पटका, हातात हलगी, मागं मावळता सूर्य. आमचे आबा म्हणजे पायजमा, सदरा, चष्मा आणि खिशात पेन. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं तर ऐकून मी टेप बंदच केला. त्यात नायिका, म्हणजे माझी आई हो, गावविहिरीवर मैत्रिणींबरोबर घागरी भरत लाडिक गाणं म्हणते. अहो, त्या विहिरीच्या काठाला माझ्या आईला पाय लावू देत नव्हते! कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ती उन्हात ताटकळत उभी राहायची. कादंबरीत त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. ह्या मेल्यांनी त्याचं लाडिक गाणं केलं.

स्टँडजवळच्या कॅसेटवाल्या चाचांनी मला ती मोठ्या कौतुकानं हातात ठेवली होती. "मॅडम, तुमच्या घरचंच हाय, लय खपतंय," असं म्हणाले. त्यांना काय बोलणार? त्यांचा धंदा आहे आणि मनानं माणूस चांगला. मी म्हटलं, "चाचा, खपू दे, पण मला वाजवून दाखवू नका."

खपत होती हे खरं. नेमका उसाचा हंगाम लागलेला. कळस, वरकुट्याकडून माळेगावला जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवर डेक, आणि प्रत्येक डेकवर तेच पहिलं गाणं. आबांचं कळसचं घर रस्त्याला लागून. निवृत्त झाल्यावर ते सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि समोरून ऊस आणि हलगी, ऊस आणि हलगी, असं दिवसभर चालायचं. मी रविवारी गेले की माझंच डोकं उठायचं. ड्रायव्हर पोरं वेग कमी करून ओरडायची, "आबा, लय भारी वाजिवलीया!" आबा पेपरातून मान वर काढून हात करायचे. मी म्हणायचे, "आबा, हात काय करताय? ती तुमची हलगी आहे का?" तर म्हणायचे, "पोरं हायेत. त्यास्नी काय म्हाईत."

पण ते पोरांपर्यंत राहिलं नाही. जत्रेची मंडळी नारळ-सुपारी घेऊन घरी आली. मी तिथंच होते, चहा मीच केला. त्यांतले एक पुढारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आबा, यंदा जत्रंत हलगी तुमीच वाजवायची. पालखीच्या म्होरं. मानानं बोलावतोय."

आबा म्हणाले, "मी सोडली की. गावाला म्हाईत हाय."

"सोडली कुठं? कॅसेटात तर वाजिवताय! सारी बारामती ऐकतीया. पैशापायी पुण्याच्या लोकान्ला वाजिवता, आन आपल्या गावाला न्हाय म्हणता व्हय?"

त्यांना खरोखरच वाटत होतं की ती हलगी आबांनी वाजवलीय. कॅसेट आबांची, गोष्ट आबांची, मग हात दुसऱ्या कुणाचा असेल? मी स्वयंपाकघरातून बोलणार होते, तेवढ्यात आबा म्हणाले, "ती माझी न्हाय. आन तुमी मानानं बोलावताय, मीबी मानानं न्हाय म्हणतो. चहा घ्या."

मंडळी उठली. जाताना पुढारी दारात थबकून म्हणाले, "बघू. बारामतीत वाजिवलीत, तर मग गावातबी वाजवावी लागंल."

बारामतीत म्हणजे मला रसग्रहणाला बोलावलं होतं त्याच कार्यक्रमात, तिथं आबांचा सत्कार होता. तोपर्यंत मला पत्ताच नव्हता की माझ्या रसग्रहणानंतर आबांच्या हातात हलगी द्यायचं ठरलंय! मी त्याच आठवड्यात चुलतभावाला फोन लावला. तो पुण्यात प्राध्यापक, नाकानं कांदे सोलण्यात पटाईत.

"ताई, तू उगीच चिडतेस," तो म्हणाला. "काकांनी दोन मिनिटं वाजवलं तर काय बिघडतं? आता काळ बदललाय. ती कला आहे. आपण तिला अपमानातून सोडवायला पाहिजे."

"कलेला सोडव की! तू वाजव. तुझ्या बापाची तीच हलगी, तुझ्या आजोबांची तीच. गळ्यात अडकव आणि वाजव पुण्यात."

"मला कुठं येतं?"

"मग गप्प बस. त्यांनी एकदा हात लावला की गाव म्हणेल, बघा, वाजवतात की. मग जत्रा, मग मयत. एवढी वर्षं त्यांनी जे नाही म्हटलं त्याचा चोथा होईल. तुझी कादंबरी त्या एका 'नाही'वर उभी आहे, कळतंय का तुला?"

तो म्हणाला की संगीतकाराला शब्द दिलाय. शब्द! मी फोन आपटला. आबांना सांगितलं की तुम्ही येऊच नका. आबा म्हणाले, "बोलावलंय तर यायचं. आपून कुणाचं काय चोरलंय?"

रविवारी दुपारी बारामतीला हॉल भरला. आमच्या वस्तीची माणसं पांढरे कपडे घालून पुढं बसलेली, आणि मागच्या रांगेत जत्रेची ती मंडळीही आलेली. आबांना स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं, लाल गादीची, हातांची. गळ्यात हार घातला. संगीतकार बोलायला उठला आणि मातीचा सुगंध, मातीची नाळ, मातीचा ताल असं सुरू झाला. त्याच्या बुटाला मात्र माती नव्हती.

मग मी उठले. रसग्रहण हवंय ना, घ्या. मी म्हटलं, "ह्या कॅसेटमध्ये आवाज उत्तम आहेत, वाद्यं उत्तम आहेत, छपाई उत्तम आहे. फक्त ज्या कादंबरीची ही कॅसेट आहे ती ह्यात नाही. कादंबरीतल्या बाईला विहिरीवर पाणी मिळत नाही आणि इथं ती घागर भरून गाणं म्हणते. कादंबरीतला माणूस हलगी ठेवतो आणि इथं ती थांबतच नाही. मी शाळेत असला निबंध तपासला असता तर शून्य दिलं असतं, कारण पोरानं धडा वाचलेला नाही." पुढच्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. संगीतकाराचा चेहरा पडला. चुलतभाऊ पत्रिकेत तोंड खुपसून बसला होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण निवेदक पक्का मुरलेला. माझ्या शब्दांचा वारासुद्धा अंगाला लागू न देता तो म्हणाला, "ताईंनी मोकळेपणानं विचार मांडले, धन्यवाद. आणि आता तो क्षण!" आणि नवी कोरी हलगी, तिला झेंडूची माळ लावलेली, संगीतकारानं आणून आबांच्या मांडीवर ठेवली. मागची मंडळी उठून उभी राहिली. माईक आबांच्या तोंडाशी धरला. मी खुर्चीतून अर्धी उठले होते, आबांनी नुसत्या नजरेनं मला बसवलं.

आबांनी हलगी दोन्ही हातांनी धरली. अंगठा कडेवरून एकदा फिरवला. मग माईकमध्ये म्हणाले, "पयल्यांदी हलगी द्यायचे तवा उभं करायचे. तेबी खाली, धुळीत. आज तुमी बसायला खुर्ची दिली. लय चांगली खुर्ची हाय. पर आता खुर्चीबी देताय आन हलगीबी देताय. माणसानं एकच घ्यावं. मी खुर्ची ठिवून घेतो."

आणि हलगी संगीतकाराच्या हातात परत दिली.

वस्तीची माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. मागच्या मंडळींतले पुढारी टोपी सारखी करत बाहेर पडले. संगीतकाराला तो विनोद वाटला की काय कोण जाणे, तोही हसून टाळ्या वाजवत होता. आणि निवेदकानं वेळ भरून काढायला काय करावं? कॅसेटचं पहिलं गाणं लावलं, मोठ्या कर्ण्यावर! पुन्हा तीच हलगी. निर्लज्जपणाला काही सीमा!

मी आबांकडे बघितलं. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर राग असेल, निदान वैताग. ते समोर बघत होते, शांत. पण त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता आणि बोटं चालली होती. डाव्या हाताची दोन बोटं तर इतकी बारीक, इतकी भरभर पडत होती की मी बघतच राहिले. मी ते हात पोती उचलताना, भाकरी मोडताना, माझी पाठ थोपटताना बघितले होते, असे कधी बघितले नव्हते. आबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी मुठी मिटल्या आणि गळ्यातला हार काढून हातांवर ठेवला.

कार्यक्रमानंतर आम्ही स्टँडवर कळसच्या गाडीची वाट बघत बसलो. मी अजून धुमसतच होते. कॅसेट किती टुकार, संगीतकार किती बिनडोक, चुलतभाऊ किती लोचट, सगळं मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गाणी वंगाळच हायेत. त्ये विहिरीचं तर लय वंगाळ. तुजी आई असती तर चप्पल घेतली असती."

मला हसू आलं. मग मी विचारलं, "आबा, तुम्हाला हलगी आवडायची?"

"आवडायची म्हंजी?"

"कादंबरीत तर तुम्ही तिचा द्वेष करता. जाळून टाकता."

"त्याला काय म्हाईत? त्यो तवा जलमलाबी नव्हता." आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. "माज्या बापानं शिकिवली मला. पंचक्रोशीत माज्यासारखा हात नव्हता. कामाचा राग व्हता गं, वरनं टाकलेल्या भाकरीचा राग व्हता. हलगीचा कशाला आसंल?"

समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. डेकवर तेच. आवाज लांब जाईस्तोवर आबा त्या बाजूला बघत होते.

"न्हाय म्हणलो त्या दिशी घरी आलो आन जेवलोच न्हाय," आबा म्हणाले. "तुजी आई म्हणली, गावाचं भ्या वाटतंय व्हय? मी म्हणलं, व्हय. तिला दुसरं काय सांगायचं?"

"मग खरं काय होतं?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"हात रिकामं वाटत व्हतं," ते म्हणाले. "अजूनबी वाटत्यात." मग चष्मा घातला, आणि गाडी लागली का ते बघायला उठून गेले.