मूळ वस्ती, हल्ली वस्ती

पोळ्याच्या करीला कुणी गाव सोडत नाही. सणाचा दुसरा दिवस आमच्याकडे वाईट धरतात. त्या दिवशी गाडी जुंपत नाहीत, मुलीला सासरी धाडत नाहीत. मी केदारखेडा सोडलं ते करीच्याच सकाळी, पायी. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, अंगणात बैलाजवळ पाठमोरे उभे होते आणि ओल्या फडक्यानं त्याच्या शिंगांचा रंग पुसत होते. आदल्या दिवशी लावलेला रंग असा कुणी पुसत नाही. तो उन्हापावसानं आपोआप जायचा असतो. धाकटा भाऊ विठ्ठल दारात उभा होता. माय नदीपर्यंत आली. तिनं सणाच्या उरलेल्या पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जल्दी पाय उचलू नको. करीचा दिस हाय, बघून चाल." परत कधी येणार, हे तिनं विचारलं नाही. आबांनी वळून पाहिलं नाही. याची खात्री मी दोनदा मागं वळून करून घेतली.

दिवसभर चालून जालना गाठलं. रात्री तिथल्या मस्तगड भागात एका शाळासोबत्याच्या खोलीवर पडलो आणि सकाळी मनमाडची गाडी धरली. मनमाडला निजामाची लहान रेल्वे संपते आणि इंग्रजांची मोठी सुरू होते. तिथं गाडी बदलली. वय एकोणीस होतं.

कारण आदल्या दिवशी घडलं होतं.

पोळ्याला वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून बैलांच्या जोड्या एकामागून एक जातात. पहिली जोडी पाटलाची. दुसरी कुणाची, यावर आमच्या घराचा आणि खालच्या आळीतल्या कोंडिबाच्या घराचा जुना वाद होता. आबांच्या आठवणीत दुसरी जोडी आमचीच गेलेली होती. त्या वर्षी कोंडिबानं आपले बैल आडवे घातले.

"दरसाली तुमीच पुढं," तो म्हणाला. "कंच्या हक्कानं, ते तरी सांगा."

"कागद हाय," आबा म्हणाले. "सुभानजीचा कागद हाय. आमी हितलेच. सात पिढ्या झाल्या."

"मंग दावा की. समद्या गावाला बघू द्या."

सुभानजी म्हणजे माझे पणजोबा. त्यांच्याबद्दल घरात दोनच गोष्टी सांगितल्या जात: त्यांनी नदीकाठची जमीन उठवली, आणि त्यांचा कागद देव्हाऱ्यात आहे. कागद मोडीत होता. दसऱ्याला तो बाहेर निघे, त्यावर हळदकुंकू पडे आणि तो परत आत जाई. तो कुणी वाचलेला नव्हता. पूजेच्या वस्तूला कुणी वाचत नाही. आबांनी कागद घरून वेशीत आणला, तेव्हा पाटलांनी पटवाऱ्याला बोलवायला सांगितलं. आबा हसले. "पटवारी कशाला? माझा पोरगा वाचंल. बालबोध वाचतो, मोडी वाचतो, उर्दू वाचतो. बिलकुल हरफ चुकायचा न्हाई."

इथं एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. त्याच्या चार दिवस आधी मी पुढं शिकायला औरंगाबादेला जायचं म्हणालो होतो आणि आबांनी नकार दिला होता. "गाव सोडून जाती ती उपऱ्याची जात. आपली न्हाई," असं ते म्हणाले होते.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ सलग चालते. वाचणारा अक्षरं तोंडानं जोडत जातो आणि शब्द कळतो तेव्हा तो उच्चारून झालेला असतो. मी कुंकवाचे डाग चुकवत मोठ्यानं वाचलं: सुभाना वलद राणोजी, उपरी, मौजे टाकळी, परगणे जाफराबाद येथून आला, यासी पडीत जमिनीचा कौल दिला असे.

कौल म्हणजे पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी दिलेलं करारपत्र. ते बाहेरून आलेल्याला देतात. गावच्या जुन्या खातेदाराला त्याची गरज नसते. उपरी म्हणजे काय, हे वेशीत कुणाला सांगावं लागलं नाही.

पहिली ओळ माझ्या तोंडून निघाली, तिचा दोष मोडीला देता येईल. दुसरी ओळ मी आधी डोळ्यांनी पुरती वाचली. ती मला कळली. तिथं थांबता आलं असतं. कागद फाटला आहे, अक्षर लागत नाही, असं म्हटलं असतं तरी कुणी तपासलं नसतं. मी ती पहिलीपेक्षा मोठ्या आवाजात वाचली: गावचे हक्क व मान गावकऱ्यांचे, त्यांत कौलकऱ्यास दखल नाही.

कुणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, पुन्यांदा वाचा! म्हागच्यायला न्हाई आलं ऐकू."

कोंडिबानं आपले बैल बाजूला घेतले आणि आबांना वाकून नमस्कार केला. "जाऊ द्या रे ह्यायला पुढं. पाव्हण्यायचे बैल हायेत. पाव्हण्याला म्हागं ठिवू नये."

लोक बराच वेळ हसले. आबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली, बैल वळवले आणि तोरणाखालून न नेताच घरी आणले. संध्याकाळी मायला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेतानं: "ह्यो आमाला गेला."

नाशिकला मला काम मिळालं ते उर्दूमुळं. तिथल्या एका साप्ताहिकाला हैदराबादची उर्दू वर्तमानपत्रं वाचून मराठी मजकूर काढणारा माणूस हवा होता. इकडं आमच्या निजामी मुलखाला मोगलाई म्हणतात आणि तिथून आलेल्याला मोगलाईतला. माझ्या बोलण्यात 'बराबर', 'खर्चा' आले की छापखान्यातले जुळारी माना वर करत. "मोगलाई, तुझं प्रूफ आलं," अशी हाक पहिली दोन वर्षं होती. खोली पाहायला गेलं की पहिला प्रश्न: मूळचे कुठले? उत्तर ऐकल्यावर दोन ठिकाणी खोली नुकतीच दिली गेली होती. मी भाषा दुरुस्त केली. वर्षभरात 'न्हाई' गेलं, दोन वर्षांत 'मंग' गेलं. गावी जे मला उपरा करणारं शिक्षण होतं, ते इथं पुरेसं नव्हतं, एवढाच दोन ठिकाणांतला फरक.

आमचे संपादक मृत्यूच्या बातम्या स्वतः तपासत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मजकुरातला एक शब्द खोडला. "'गेले' लिहू नका. वाचक विचारतो, कुठे? 'वारले' लिहा." तेव्हापासून मी बारा वर्षं 'वारले' लिहीत आलो.

गावाकडून पत्र येत नव्हतं. विठ्ठलाला लिहिता येत होतं, पण घरात माझं नाव घ्यायची बंदी होती, हे मला नंतर कळलं. मायचं जाणं मला जालन्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून समजलं, चार महिन्यांनी, बोलता बोलता.

एका पावसाळ्यात संपादकांनी काम दिलं: क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात, त्यांवर दोन कॉलम हवेत. "आधी तुमच्या घराण्याचं बघा," ते म्हणाले. "उदाहरण हाताशी असलेलं बरं." मी रामकुंडाजवळ चौकशी केली. आमच्या भोकरदनकडच्या गावांचे उपाध्याय एका बोळात राहत होते. वयस्क होते, डोळ्यांनी अधू होते, वहीची पानं बोटांनी मोजत होते.

"कुठले?"

"नाशिक."

"ते हल्ली. मूळ सांगा."

मी आडनाव आणि गाव सांगितलं. त्यांनी लाल फडक्यातून लांबट वही सोडली. यजमान आला की आधीच्या सगळ्या नोंदी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या, ही त्यांची रीत. आपणच याचे उपाध्याय, याचा तो पुरावा.

पहिली नोंद राणोजीची, म्हणजे सुभानजीच्या बापाची. वस्ती मौजे टाकळी. पुत्र दोन, नावांसह. खाली वेगळ्या ओळीत: तिसरा सुभाना, गेला. नावापुढं फुली.

दुसरी नोंद: सुभाना वलद राणोजी. मूळ वस्ती टाकळी, हल्ली वस्ती केदारखेडा. बापाचे पिंडदानास आला. भावांची नावे सांगितली नाहीत. खाली सहीच्या जागी शेतकऱ्याची निशाणी, नांगर. रेघ दाबून काढलेली, शाई पाठीमागं उमटलेली.

म्हणजे ज्याच्या नावापुढं फुली होती, तो स्वतः येऊन पुढच्या पानावर नांगर काढून गेला होता. तो बापापासून का तुटला, हे वहीत नाही. कौलातही नाही. तर्क करता येतो, मी करणार नाही. एवढंच नक्की की केदारखेडा त्याच्या लेखी हल्लीचं होतं. आमच्या निजामी राज्यातल्या रुपयालाही हाली म्हणत. अर्थ तोच, सध्याचा, चालू.

आजोबांच्या नोंदीत 'हल्ली' हा शब्द नाही. नुसतं वस्ती केदारखेडा.

आबांची नोंद शेवटची होती. ते नाशिकला येऊन गेले होते. मी ज्या गल्लीत राहत होतो, तिथून तो बोळ चालत दहा मिनिटांवर आहे. पिढीजात वस्ती केदारखेडा. पुत्र दोन. पैकी थोरला गेला. माझ्या नावापुढं फुली.

मी वही खाली ठेवायला सांगितली आणि बातमीदार विचारतो तसं विचारलं, "त्यांनी नेमका कोणता शब्द वापरला?"

"गेला, म्हणाले. मी विचारलं, कधी? म्हणाले, पोळ्याच्या करीला." उपाध्यायांनी मान हलवली. "वाईट दिवस. मग मी तर्पणाला नाव घेतलं. तर म्हणाले, त्याला पाणी नको. असं सहसा कुणी म्हणत नाही. तुमचे कोण ते?"

"थोरला मीच," मी म्हणालो.

त्यांनी वाकून माझं तोंड जवळून पाहिलं. मग म्हणाले, "तरीच! तोंडावर तेज नाही, पण प्रेताची कळाही नाही." स्वतःच हसले आणि फुली खोडायला बोरू शोधू लागले. मी त्यांना थांबवलं.

या नोंदीतून दोन गोष्टी सिद्ध होतात. राणोजी आणि सुभानजी यांच्या नोंदी आबांना वाचून दाखवल्या गेल्या होत्या. तरुणपणीही ते आजोबांबरोबर इथं आले होते, ते वहीत आहे. म्हणजे टाकळी, हल्ली वस्ती, नांगर हे सगळं त्यांना पोळ्याच्या आधीपासून ठाऊक होतं. 'आमी हितलेच' हे अज्ञान नव्हतं; पटवारी टाळून घरचा पोरगा पुढं करणं हाही भाबडेपणा नव्हता. आणि माझ्यावरचा राग खोटं उघड झाल्याचा होता.

तिसरी गोष्ट सिद्ध होत नाही. 'त्याला पाणी नको' याचे दोन अर्थ होतात. मेल्यावर शत्रूलाही पाणी सोडतात, तेही मला मिळू नये, हा एक. जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडू नये, हा दुसरा. मी दोन्ही बरेच दिवस तपासले. निवड करण्याइतका पुरावा नाही. आबा हयात आहेत, विचारता येईल. मी विचारलेलं नाही.

दोन कॉलम छापून आले. त्यात आमच्या घराण्याचा उल्लेख नव्हता.

रझाकारांच्या धामधुमीत मोगलाईतून माणसं हद्द ओलांडून इकडं आली. छावणीत ती एकमेकांना हाच प्रश्न विचारत: मूळचे कुठले? ज्यांना कालपर्यंत तो प्रश्न लागूच नव्हता, त्यांना उत्तर द्यायला वेळ लागे. एक बाई नुसतीच म्हणाली, "आमच्या गावचे." पोलीस कारवाई झाली आणि बहुतेक जण परत गेले. जाताना जाफराबादच्या एकानं मला विचारलं, "आता तर रस्ता खुला झाला. तुमी का न्हाई येऊन राह्यले?" मी म्हणालो, मला रझाकारांनी घालवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात उपाध्यायांकडे गेलो आणि माझी नोंद केली. फुली तशीच ठेवली. ती आबांची नोंद आहे. दुसऱ्याच्या मजकुरात दुरुस्ती करायचा अधिकार मला फक्त कचेरीत आहे. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: गंगाधर, सुभाना यांचा पणतू. मूळ वस्ती केदारखेडा. हल्ली वस्ती नाशिक.

लिहून झाल्यावर वरची पानं पुन्हा पाहिली. सुभानजीला केदारखेडा मूळ म्हणता आलं नाही, कारण तो तिथं आला होता. आबांनाही म्हणता आलं नाही. त्यांनी पिढीजात लिहवलं, आणि त्या शब्दाला कौलाचा आधार नाही. जिथून माणूस निघतो तेच मूळ होतं. आमच्या घरात केदारखेड्याला मूळ म्हणणारा पहिला माणूस मी. ज्या हक्कासाठी आबांनी कागद वेशीत आणला, तो मी तिथून गेल्यानं या वहीत मिळाला. यात माफी नाही. त्यांनी मागितलेली नाही आणि मीही मागितलेली नाही. मला घर म्हणून आता दाखवता येईल ते एवढंच: एका वहीतला रकाना, जो घर सोडल्याशिवाय भरता येत नाही.

हा मजकूर छापून आल्यावर अंक विठ्ठलाकडे पाठवणार आहे. आबांना वाचता येत नाही. तेव्हा तो त्यांना वाचून दाखवील, किंवा दाखवणार नाही. वाचलाच तर त्याला सांगणं आहे. हे छापील आहे, शब्दांमध्ये जागा सोडलेली आहे, पुढं काय येतं ते आधी दिसतं. माझी नोंद वाचताना 'मूळ वस्ती केदारखेडा' इथं थांब. पुढची ओळ मोठ्यानं वाचू नकोस.