खोड धरायचा मान

आमच्या लालबागच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्याला लागून बाबांचा वड होता. हातभरसुद्धा उंच नाही, पण वयाने माझ्यापेक्षा मोठा. बोन्साय हा शब्द तेव्हा आमच्या मजल्यावर कोणाला माहीत नव्हता. लोक त्याला बुटका म्हणत. बाबा मात्र 'वड'च म्हणत. भायखळ्याच्या बागेतल्या एका माळ्याकडून ते ही विद्या शिकले होते.

तीन-चार वर्षांनी एकदा, थंडी सरता सरता, त्याची कुंडी बदलायची. बाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. साच्यावर धागा नेणाऱ्या मोडक्या धोट्याच्या टोकाने ते मुळांतली जुनी माती उकरत, केसांतला गुंता सोडवावा तशी मुळं मोकळी करत आणि वाढलेली कात्रीने छाटत. तोवर कोणीतरी खोड दोन्ही हातांनी अधांतरी धरून ठेवायचं. हात हलला की बारीक मुळं तुटतात. ते काम माझं. आई लवकर गेली, तेव्हापासून माझंच. "बाय, धर गो," अशी हाक आली की मी हात धुऊन हजर. दादाला हा मान एकदाही मिळाला नव्हता आणि ते मी त्याला अधूनमधून ऐकवत असे.

मी सतरा वर्षांची असताना दादाचं लग्न झालं. मालवणकडची वहिनी घरात आली. तिच्या माहेरी आंब्याची कलमं बांधत. ते ऐकून बाबांचा चेहरा खुलला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्या वर्षी कुंडी बदलायचा दिवस आला तोच नेमका बंदचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या थांबलेल्या, दादा सकाळीच मोर्च्यात गेलेला, आणि गोळीबाराच्या बातम्या जिन्यावरून वर येत होत्या. बाबांना स्वस्थ बसवेना. त्यांनी वड उपसला. मी खोड धरलं, पण माझा हात हलला. एक मूळ तुटलं, मग दुसरं.

"तू सोड," बाबा म्हणाले. मग आत बघून, "बाय, तू ये गो. धर."

बाय म्हणजे मी. जन्मापासून मीच. आणि ही वहिनी पदराला हात पुसत आली आणि तिने खोड धरलं. तिचा नवरा रस्त्यावर होता, तरी बोट हललं नाही. मी बाजूला उभी राहून जळत होते. दादाचं काय झालं असेल, हा विचार त्या अर्ध्या तासात माझ्या मनाला शिवला नाही, याची आज लाज वाटते. ही बाई माझ्याच मुळावर उठली आहे, एवढंच डोक्यात होतं.

दादा संध्याकाळी धडधाकट परतला. बाबांनी त्याला आधी वड दाखवला. "सुनेन धरल्यान. जरा म्हणान हालाक नाय."

पुढे रोज कामावर जाताना ते वहिनीलाच सांगत, उन्हात ठेवू नको, पाणी बेताने घाल. मी मनाशी ठरवलं, याला असा पाला फुटला पाहिजे की बाबांनी विचारावं, हे कोणी केलं? आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतत नसत. गॅलरीच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात कढीलिंब होता, त्याला घालत. तो कसा तरारायचा ते सगळा मजला बघत होता. मी चार दिवस बांगड्यांचं पाणी गुपचूप वडाला घातलं.

नुकत्या छाटलेल्या मुळांना ते सोसलं नाही. पानं पिवळी पडली. आठवड्याभरात निम्मा वड बोडका झाला. बाबांनी माती हुंगली. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"माशाचा पाणी कोणी घातल्यान?"



"मी," वहिनी म्हणाली. "कढीलिंबाक घालतंय, तसा घातलंय. चुकलंय, मामांनु."

बाबा तिला म्हणाले, "आतापासून झाडाक हात लावू नको."

मी तिला मोरीपाशी गाठलं. आभार मानायला नाही, भांडायला. "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

ती राखेने पातेलं घासत होती. "माका बोलले तर सासरो बोललो, इतक्याच. तुमचो तो बापूस. तुमका बोलले असते, तर ता तुमच्या मनातसून जलमात गेला नसता, वन्सं."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आतापर्यंत मी तिच्या हातांवर जळत होते, आता तिच्या मनावरही जळायला लागले. बाबा चार पावलांवर गॅलरीत बसले होते. मी त्यांच्याकडे गेले नाही.

वड जगला. वाळलेली फांदी बाबांनी कापून टाकली. चौथ्या वर्षी, आता मुंबई आपलीच म्हणून सगळं लालबाग खुशीत असताना, त्यांनी पुन्हा कुंडी बदलायला घेतली आणि मला हाक मारली. माझं लग्न ठरलं होतं. मी खोड धरलं. वहिनी पिठाच्या हातांनी दारात उभी होती.

मान वर न करता बाबा मला म्हणाले, "हिका सगळा नीट शिकय गो. तू गेल्यावर हिच्याच हातात आसा. पाणी कसा घालूचा, ताय सांग."

वहिनी हात धुऊन आली. माझ्या हातांशेजारी तिने हात ठेवले आणि खोड कधी धरलंच नसावं तसं विचारलं, "असा, वन्सं?"

मी म्हटलं, "थोडं खाली."